एका शब्दाचा मेंटेनन्स

स्मरणिका समितीचा फोन आला, "सर, तुम्ही इतिहासाचे शिक्षक. आपल्या सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." आता सोसायटीचा इतिहास म्हणजे नोंदणी कधी झाली, पहिली कमिटी कोणती, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, मीटरचा प्रश्न कसा सुटला. हे सगळं अध्यक्ष आणि सेक्रेटरींच्या मनोगतात येणारच आहे. तेच मी परत लिहून काय करू? म्हणून त्यांना म्हटलं, मी आपल्या सोसायटीतल्या एका शब्दाचा इतिहास लिहितो. शब्द इंग्रजी आहे, पण गेली पंचवीस वर्षं तो आपल्या जिन्यात, पार्किंगमध्ये, गच्चीवर आणि वार्षिक सभेत मराठी असल्यासारखा वावरतो आहे. त्याच्यावरून वाद झाले, अबोले धरले गेले, एकदोघांनी कमिटीचे राजीनामेही दिले. तो शब्द म्हणजे 'मेंटेनन्स'.

हा शब्द शोधावासा मला का वाटला, ते आधी सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे आणि पंचवीस वर्षांच्या हिशेबात ती लिहून ठेवलेली बरी.

मी सहा वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. एका वर्षी थकबाकी फार वाढली. पाण्याच्या मोटारीचं वीजबिल भरायला खात्यात पैसे नव्हते. कमिटीत ठरलं, थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावायची. यादी मी माझ्याच हाताने लिहिली आणि टाचण्यांनी लावली. फळ्यावर लिहायची सवय, त्यामुळे अक्षर ठळक आणि सुवाच्य. चौथं नाव आप्पांचं होतं. त्यांचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही. जे ओळखतात त्यांना कळेल, नव्या मंडळींना त्याची गरज नाही.

आप्पा तळेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला, हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी आपल्याकडे फ्लॅट घेतला. पुढे वहिनी गेल्या. मुलगा नोकरीसाठी लांब गेला आणि मग लांबच राहिला. पेन्शन म्हणावी तर महिन्याच्या औषधालाही पुरायची नाही.

यादी लावली त्याच संध्याकाळी आप्पा माझ्याकडे आले. रागाने आले असतील असं वाटून मी मनात उत्तरं जुळवायला लागलो. पण ते खुर्चीवर बसले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले आणि टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले.

"सर, हा तुमचा कागद. ह्यात लिहिलंय, मी मेंटेनन्स द्यायचा. आणि हा दुसरा प्रांत ऑफिसातला. तिथला कारकून म्हणाला, आप्पा, ही मेंटेनन्सची केस, म्हणजे मुलाकडनं मला मिळायचा. आणि चौतीस वर्षं मी कारखान्यात राबलो ते मेंटेनन्स डिपार्टमेंटलाच. मग ह्यो शब्द एकच आहे का तीन हायेत?"

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मला उत्तर देता आलं नाही. "एकच असावा," एवढंच म्हणालो. आप्पा हसले. म्हणाले, "एकच असंल तर बरंय. एका हातानं घेतो, दुसऱ्या हातानं तुम्हाला देतो."

ते सहज बोलून गेले, पण पुढे शब्दकोश उघडले तेव्हा लक्षात आलं, की आप्पांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. कारण 'मेंटेनन्स' हा शब्द हातातूनच जन्मला आहे.

लॅटिन भाषेत हाताला 'मानुस' म्हणतात आणि धरण्याला 'तेनेरे'. 'हाताने धरणं' यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'मँतनीर' हे क्रियापद झालं. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, पुढची काही शतकं तिथल्या दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच होती, आणि त्या वाटेने हा शब्द तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. त्याची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. 'मानुस'वरून मॅन्युअल आला, मॅनेजर आला. मॅनेजर म्हणजे मुळात घोड्याला हाताने वळण लावणारा. 'तेनेरे'वरून टेनंट आला, म्हणजे आपला भाडेकरू, जो दुसऱ्याची जागा धरून असतो. आणि गंमत म्हणजे, फ्रेंचमध्ये याच शब्दापासून झालेल्या 'मँतनाँ'चा आजचा अर्थ आहे 'आत्ता'. जे हातात धरलेलं आहे ते आत्ताचं. आमच्यासारख्या माजी खजिनदारांना हा अर्थ फार आवडावा असा आहे.

आधाराचा दुसरा इंग्रजी शब्द 'सपोर्ट'. त्याचं मूळ वेगळं. तो लॅटिनमधल्या 'खालून वाहून नेणं' या अर्थाच्या शब्दांवरून आला. म्हणजे एक शब्द धरणारा आणि एक वाहणारा. आपल्याकडेही नेमकं तसंच आहे. 'आधार' आला 'धृ' या धातूवरून, म्हणजे धरणं. 'निर्वाह' आला 'वह्' वरून, म्हणजे वाहणं. 'निगा' हा फारसी 'निगाह' म्हणजे नजर, तिच्यावरून आला. 'पोटगी' तर सरळ पोटातून आली. आपलं ग्रामदैवतच पोटोबा महाराज, तेव्हा वडगावकरांना पोटाचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. आणि या सगळ्यांत 'मेंटेनन्स'च्या सर्वांत जवळचा मराठी शब्द कोणता म्हणाल, तर मला वाटतं 'हातभार'. त्यात हातही आहे आणि वाहायचा भारही आहे.

इथवर सगळं गोड आहे. पण शब्दांचा इतिहास नेहमी गोड नसतो. इंग्रजीत 'मेंटेनन्स' हे नाम ज्या अर्थाने आधी रुळलं, तो अर्थ चक्क गुन्ह्याचा होता.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बडे सरदार आपल्या पदरी माणसं बाळगत. त्यांना आपल्या चिन्हाचे कपडे देत, खायला घालत, आणि त्यांच्या भांडणात पाठीशी उभे राहत. शेजाऱ्याच्या जमिनीवर एखाद्याने खोटा दावा लावला, की सरदार त्याला पैसा पुरवी, कोर्टात दांडगाई करी, पंचांना धमकावी, आणि जिंकलेल्या जमिनीत आपला वाटा घेई. दुसऱ्याचं भांडण आपल्या फायद्यासाठी 'हाताने धरून ठेवणं' याला तिथल्या कायद्यात मेंटेनन्स म्हणत. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने राजाच्या अधिकाऱ्यांना असले उद्योग करायला बंदी घातली. हा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून रद्द झाला तो थेट १९६७ साली.

हे वाचत होतो तेव्हा मी आपल्या गच्चीवर बसलो होतो. आणि एकदम मनात आलं, अरे, हे तर आपल्या वडगावात घडलेलं आहे!

आपण सगळे 'तहाचं वडगाव' म्हणून अभिमानाने सांगतो. महादजी शिंद्यांच्या स्मारकावरून रोज जातो. पण ती लढाई कशावरून झाली, हे मुलांना विचारून बघा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका रघुनाथराव गादीवर बसले, पण बारभाईंनी नारायणरावांच्या तान्ह्या मुलाची, सवाई माधवरावांची बाजू घेतली. भांडण घरातलं, भाऊबंदकीचं. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेला तह झाला. मुंबईकर इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, खर्च रघुनाथरावांनी सोसायचा, आणि मोबदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना मिळायची. दुसऱ्याचं भांडण हातात धरायचं आणि निकालात आपला वाटा घ्यायचा. ज्या गोष्टीला स्वतःच्या देशात इंग्रज गुन्हा मानत होते, तीच गोष्ट कंपनी सरकार इथे तहनामा करून करत होतं.

पुढचं आपल्या अंगणातलं आहे. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून सुमारे चार हजारांची फौज रघुनाथरावांना घेऊन निघाली आणि पनवेलवरून बोरघाट चढून आली. तोफा आणि रसद ओढायला हजारो बैल. दिवसाला दोन-तीन मैलही सरकेना. मराठ्यांनी समोरून मोठी लढाई दिलीच नाही. वाटेतली गावं रिकामी केली, दाणा-वैरण जाळली, मागून पुरवठा तोडला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. तोच आपल्या लोकांच्या तोंडी बसलेला 'इष्टुर फाकडा'. फौज तळेगावला पोचली तेव्हा तळेगाव जळत होतं. पुण्याचं अंतर थोडंच उरलं होतं, पण खायला काही नव्हतं. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले आणि वडगावात चहूकडून कोंडले गेले. जानेवारीच्या मध्यावर त्यांनी तह मागितला. साष्टी परत द्यायचं कबूल केलं, आणि रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले.

हा तह पुढे वॉरन हेस्टिंग्जने मानला नाही, युद्ध आणखी तीन वर्षं चाललं, हे खरं. पण शेवट बघा. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांचा हात सोडला. त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपये नेमून दिले गेले आणि पेशवेपदाचा दावा संपला. ते गोदावरीकाठी कोपरगावला राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. म्हणजे या एका माणसाच्या आयुष्यात मेंटेनन्सचे दोन्ही अर्थ येऊन गेले. आधी स्वार्थी मित्राने धरलेला हात आणि शेवटी नेमून दिलेली पोटगी. ज्यांनी त्यांचं भांडण हातात धरलं होतं, त्यांना भांडणाशी मतलब होता, माणसाशी नव्हता.

मग माणसाशी मतलब असलेला मेंटेनन्स कुठे बघायचा? त्यासाठीही लांब जायला नको. लोकलने मळवलीला उतरा आणि कार्ल्याच्या लेण्यांत जा.

आपण एकवीरा आईच्या दर्शनाला जातो, शेजारचं चैत्यगृह बघतो, फोटो काढतो आणि उतरतो. पुढच्या वेळी खांबांवरची अक्षरं बघा. चैत्यगृहात सदतीस खांब आहेत. सगळं लेणं वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केलं, असा एक लेख तिथे आहे. पण खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. बरेचसे धेनुकाकट या गावचे आहेत, काही तर यवन म्हणवणारे परदेशी आहेत. 'थभो', म्हणजे खांब, अमक्याचं दान. कुणी एक खांब दिला, कुणी दुसरा. छत एकच, आधार अनेकांचा. आपल्या बिलाच्या पावत्या वर्षभरात हरवतात. या पावत्या दोन हजार वर्षं टिकल्या.

त्याच लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. कार्ल्याचं तेव्हाचं नाव वलूरक. तिथे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या भिक्षूंच्या 'यापना'साठी त्याने करजिक नावाचं गाव दान दिलं. 'यापन' म्हणजे चालू ठेवणं. आपण जीवनयापन म्हणतो तेच. पुढे राज्य बदललं, सातवाहनांचं आलं, तेव्हा त्यांनीही मामाल इथल्या अमात्याला या देणगीबद्दल आज्ञा पाठवली. मामाल म्हणजे आपलं मावळ. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी मावळच्या सरकारी कचेरीत मेंटेनन्सची एक फाईल होती आणि सत्तांतर झालं तरी ती बंद झाली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

उषवदाताचा नाशिकच्या पांडवलेण्यांतला लेख तर कमिटीच्या प्रत्येक सभासदाने वाचावा. त्याने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा एक टक्का व्याजाने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. हिशेब पै न् पै जुळतो. आपल्याकडे दर सभेत कुणीतरी विचारतं, "सिंकिंग फंड कशाला कापता?" त्यांना नाशिकचं तिकीट काढून द्यावं असं मला फार वाटायचं.

आता आप्पांच्या तीन अर्थांपैकी कारखान्यातला अर्थ. 'दुरुस्त राखणं' हा अर्थ इंग्रजीत जुनाच, पण तो रोजच्या बोलण्यात आला यंत्रांमुळे. आपल्या भागात यंत्रयुग आलं ते रेल्वेबरोबर. पुणे-खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. हजारो मजुरांनी डोंगर फोडून बांधलेलं ते काम. आणि अवघ्या चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा दगडी कमानींचा पूल कोसळला. बांधणं संपलं म्हणजे काम संपलं नाही, हा धडा मावळच्या पावसाने तेव्हाच दिला होता. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रुळांवरून चालत जाणारा गँगमन आपण वडगाव स्टेशनवर बघतो. रेल्वेत आता त्याच्या पदाचं नाव आहे 'ट्रॅक मेंटेनर'. आपण लोकलमध्ये डुलकी काढतो, ती त्याच्या भरवशावर.

राहिला आप्पांचा दुसरा कागद. नवऱ्याने बायकोला, बापाने मुलांना मेंटेनन्स द्यायचा, हे इंग्रजांच्या काळापासून फौजदारी कायद्यात होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये आईवडीलही आले. १९८७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही जबाबदारी फक्त मुलाची नाही, लग्न झालेल्या मुलीचीही आहे. १ जुलै २०२४ पासून हे कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आलं आहे. शिवाय आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा २००७ मध्ये झाला. त्यात कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागत नाहीत. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, नोटीस बजावल्यापासून साधारण नव्वद दिवसांत निकाल, आणि दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. आपल्या सोसायटीत आज साठी ओलांडलेली मंडळी बरीच आहेत. देव करो नि कुणाला गरज न पडो, पण माहीत असावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर शब्द एकच आहे, आप्पा. कारखान्यात यंत्र धरून ठेवायचं, म्हातारपणी मुलांनी आपल्याला धरून ठेवायचं, आणि सोसायटीत सगळ्यांनी मिळून एक इमारत धरून ठेवायची.

या तिसऱ्या धरण्यात एक विशेष आहे, तो मला खजिनदार असताना कळला नव्हता. सरदार पदरच्या माणसाला धरतो, उषवदात भिक्षूंना धरतो, मुलगा बापाला धरतो. प्रत्येक ठिकाणी एक वरचा हात आणि एक खालचा हात. सहकारी सोसायटीत वरचा हात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, "गच्ची गळते त्याचं आम्हाला काय?" वरच्या मजल्यावरचे म्हणतात, "खाली ड्रेनेज तुंबतं त्याचं आम्हाला काय?" उत्तर एकच. मावळात जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, तो वरच्या मजल्यावर थांबत नाही. गळती दोन वर्षांत खालच्या भिंतीत उतरते. एकाने हात काढला, की त्याचा भार शेजारच्या हातावर जातो. म्हणून थकबाकी ही सोसायटीची नसते, शेजाऱ्याची असते. हे मी सभांमध्ये कंठरवाने सांगत असे आणि आजही सांगतो.

पण त्याची दुसरी बाजू मी सांगत नसे. ज्याचा हात खरोखरच थकला आहे, त्याला कुणी धरायचं? उपविधींत थकबाकीवर एकवीस टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. ते कलम मला पाठ होतं. आप्पांच्या घरी गॅस किती दिवसांनी येतो, हे त्याच जिन्यात राहून मला माहीत नव्हतं. नोटीस बोर्डावर नाव लावण्याआधी मी त्यांच्या दारावरची बेल वाजवली नव्हती. माझी चूक ती हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी काढली. फक्त आप्पांचं नाव नाही, सबंध यादी. आणि यादीतल्या सातही घरी जाऊन आलो. कुणाला गळतीचा राग होता, कुणी परगावी होतं, कुणी नुसतंच विसरलं होतं. खरी अडचण दोनच घरांत होती.

थकबाकी माफ करायचा अधिकार माझा नव्हता, आणि आप्पांना माफी नकोच होती. कमिटीतल्या दोघांनी आपल्या खिशातून भरायची तयारी दाखवली. आप्पा म्हणाले, "नको. माझ्या नावाची पावती माझ्याच पैशानं पाहिजे." मग त्यांनीच विचारलं, "मोटार किती वेळा जळली वर्षात?" तीन वेळा जळली होती, आणि दर वेळी बाहेरचा माणूस येऊन सांगेल तो आकडा आम्ही देत होतो. पुढच्या रविवारी आप्पांनी पंप उघडला. कमिटीने रीतसर ठराव केला. बाहेरच्या माणसाला देत होतो त्याच्या निम्म्या दरात पंपाची देखभाल आप्पांकडे. आप्पा महिन्याचं बिल द्यायचे, मी चेक द्यायचो, आणि ते आपल्या फ्लॅटचा मेंटेनन्स भरायचे. थकबाकी दीड वर्षात फिटली, व्याजासकट. त्यानंतर मी होतो तोवर मोटार एकदाही जळली नाही.

प्रांत ऑफिसातल्या अर्जाचंही सांगतो. तारखेला मुलगा आला. समेटाच्या बैठकीत दरमहा काही रक्कम ठरली. ती बहुतेक वेळा यायची, कधी उशिरा यायची. पण त्यानंतर दिवाळीला मुलगा येऊ लागला, नातवाला आणू लागला. आप्पा म्हणायचे, "पैशापेक्षा ते बरं झालं."

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पंपरूमच्या आतल्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने एक तक्ता काढून ठेवला होता. तारीख, ग्रीस, बेअरिंग, पॅकिंग, सही. पहिली ओळ त्यांच्या हातची आहे. रकाने भरले की वॉचमन भिंत ओल्या फडक्याने पुसतो आणि खडूने नवीन तारखा टाकतो, पण ती पहिली ओळ कुणी पुसलेली नाही. रौप्यमहोत्सवानिमित्त रंगकाम निघालं आहे, पंपरूमही रंगवायची आहे. कमिटीला माझी एवढीच विनंती आहे, तेवढी भिंत सोडा.

बाकी सोसायटी अशीच सगळ्यांच्या हातांवर उभी राहो, आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिणाऱ्याला थकबाकीपेक्षा चांगला विषय मिळो, ही शुभेच्छा. या महिन्याचा मेंटेनन्स मी भरला आहे. आपणही भरला असेलच. शेजाऱ्याचा राहिला असेल, तर आधी बेल वाजवा.